उतारावर टेकलेल्या वस्तूवरचं लंब बल कसं काढायचं: आकृतीपासून उत्तरापर्यंत

अकरावीच्या भौतिकशास्त्रात उतारावरच्या ठोकळ्याचं गणित आलं की बरीच मुलं 'नॉर्मल बरोबर एमजी कॉस थीटा' (लंब बल = वजन × उताराच्या कोनाचा कॉस) एवढं लिहून पुढे जातात. साध्या गणितात उत्तर बरोबरही येतं. मग त्याच ठोकळ्याला कुणी आडवा धक्का देतं, दोरीने तिरकं ओढतं, तोच उतार लिफ्टमध्ये ठेवतं किंवा वळणावरचा कललेला रस्ता करतं, आणि पाठ केलेलं सूत्र तिथे दगा देतं.

लंब बलाला स्वतःचं असं ठरलेलं सूत्रच नाही. वस्तू पृष्ठभागात घुसू नये यासाठी जेवढं रेटावं लागेल तेवढंच पृष्ठभाग तिला रेटतो. ते किती, हे दर वेळी पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेतला हिशोब मांडून काढायचं. एवढी एक सवय लागली की वरची सगळी गणितं एकाच पद्धतीने सुटतात.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण वापरू या: ५ किलो वस्तुमानाची पत्र्याची पेटी, ३० अंश चढाचा लाकडी उतार, आणि गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. पेटी उतारावर स्थिर आहे.

पहिली पायरी: पेटीला कोण कोण ढकलतंय किंवा ओढतंय?

आकृती काढण्याआधी ही यादी करा. पेटीला स्पर्श कोणकोण करतंय ते पाहा. त्यातला प्रत्येक जण बल लावू शकतो. स्पर्श न करता ओढणारी इथे एकच आहे, पृथ्वी. आपल्या उदाहरणात पेटीला फक्त फळी टेकलेली आहे. म्हणजे पृथ्वीकडून वजन आणि फळीकडून एक बल, बस. फळीच्या बलाचे आपण सोयीसाठी दोन भाग करतो: फळीला लंब असलेलं ते लंब बल आणि फळीच्या कडेने लागणारं ते घर्षण.

यादीत 'खाली घसरवणारं बल' असं वेगळं काही लिहू नका. ते वजनाचाच एक घटक आहे. ते वेगळं धरलं की वजन दोनदा मोजलं जातं, आणि या प्रकरणात सर्वाधिक गुण इथेच जातात.

अजून एक गैरसमज इथेच निपटून टाकू. 'वजन ही क्रिया आणि लंब बल ही तिची प्रतिक्रिया' असं सर्रास सांगितलं जातं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागते आणि दोन्ही बलं एकाच जातीची असतात. पृथ्वी पेटीला ओढते, त्याची जोडी म्हणजे पेटी पृथ्वीला ओढते. फळी पेटीला रेटते, त्याची जोडी म्हणजे पेटी फळीला रेटते. वजन आणि लंब बल ही दोन्ही एकाच पेटीवर लागतात, तेव्हा ती अशी जोडी होऊच शकत नाहीत. सपाट जमिनीवर ती समान भरतात, कारण पेटी स्थिर असते आणि तिथे तिसरं कुणी मध्ये पडत नाही. उतारावर ती समान नसतात हाच याचा पुरावा.

दुसरी पायरी: आकृती

पेटीच्या जागी एक ठिपका काढा. त्यातून वजनाचा बाण सरळ खाली, जमिनीच्या दिशेने. उतार कितीही कलता असला तरी हा बाण कलत नाही. दुसरा बाण लंब बलाचा, फळीला काटकोनात आणि फळीपासून दूर जाणारा. हा सरळ वर जात नाही. उतार ज्या बाजूला खाली जातो त्या बाजूला कललेला असतो. तिसरा बाण घर्षणाचा, फळीच्या कडेने चढाच्या दिशेने, कारण पेटीचा कल खाली घसरण्याकडे आहे.

वहीत उतार जरा बसका काढा, २०–२५ अंशांचा. बरोबर ४५ अंशांचा काढला तर साइन आणि कॉस यांच्या बाजू सारख्याच लांबीच्या दिसतात आणि चूक डोळ्याला कळत नाही.

तिसरी पायरी: अक्ष फळीबरोबर वळवा

आडवा आणि उभा अक्ष घेतला तर लंब बलाचे दोन तुकडे, घर्षणाचे दोन तुकडे आणि दोन्ही समीकरणांत दोन्ही अज्ञात. त्याऐवजी एक अक्ष फळीला समांतर आणि दुसरा फळीला लंब घ्या. आता लंब बल पूर्णपणे एका अक्षावर, घर्षण पूर्णपणे दुसऱ्यावर. तुकडे करायचे ते फक्त वजनाचे. अक्ष निवडणं आपल्या हातात असतं. उत्तर कोणत्याही अक्षांनी तेच येतं, फक्त कष्ट कमी-जास्त होतात.

चौथी पायरी: कोन नेमका कुठे येतो

इथे थोडं थांबू, कारण पाठांतर इथूनच सुरू होतं. वजनाचा बाण आणि फळीला लंब असलेली रेषा यांच्यातला कोन उताराच्या कोनाइतकाच का?

फळी आधी जमिनीवर सपाट आहे असं समजा. तेव्हा फळीला लंब असलेली रेषा उभी असते, म्हणजे वजनाच्या रेषेवरच. आता फळीचं एक टोक उचलत जा. फळी ३० अंश फिरली की तिला काटकोनात जखडलेली लंब रेषाही ३० अंशच फिरते. वजनाची रेषा मात्र जागची हलत नाही. म्हणून दोघींमध्ये पडलेलं अंतर बरोबर ३० अंश. त्रिकोणांची समरूपता न वापरताही हे पटतं, आणि एकदा पटलं की विसरत नाही.

आता वजन हा कर्ण धरून काटकोन त्रिकोण काढा. फळीला लंब असलेली बाजू त्या ३० अंशांना लागून आहे, म्हणून ती वजन गुणिले कॉस ३०. फळीला समांतर बाजू कोनासमोर आहे, म्हणून ती वजन गुणिले साइन ३०.

परीक्षेत गोंधळ झालाच तर कोन शून्य करून बघा. सपाट जमिनीवर फळीने सगळं वजन पेलायला हवं. कॉस शून्य म्हणजे १, बरोबर. कोन ९० केला तर फळी भिंतीसारखी उभी आणि पेटी तिला नुसती शिवून असेल. कॉस ९० म्हणजे ०, तेही बरोबर. साइन लावला असता तर दोन्ही उत्तरं उलटी आली असती.

पाचवी पायरी: लंब दिशेचा हिशोब

पेटी फळीत घुसत नाही आणि फळीवरून उडतही नाही. म्हणजे लंब दिशेत तिचं त्वरण शून्य. म्हणून त्या दिशेतल्या बलांची बेरीज शून्य:

लंब बल − वजन × कॉस ३० = ०

वजन ५ × ९.८ = ४९ न्यूटन. कॉस ३० म्हणजे ०.८६६. लंब बल = ४९ × ०.८६६ = ४२.४ न्यूटन.

समांतर दिशेत घर्षण = ४९ × ०.५ = २४.५ न्यूटन. पडताळा म्हणून ४२.४ आणि २४.५ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. ४९ यायला हवेत, आणि येतात.

कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर तो कॉस ३० साठी ०.१५४ दाखवतो आणि लंब बल साडेसात न्यूटन निघतं. ३० अंशांच्या उतारावर पेटीचा जवळजवळ सगळा भार नाहीसा झाला, हे उत्तर पाहताच खटकलं पाहिजे. काही किमती तोंडपाठ असू द्या: १० अंशांना कॉस ०.९८५, २० ला ०.९४०, ४५ ला ०.७०७, ६० ला ०.५. प्रवेश परीक्षांच्या गणितांत ३७ अंश वारंवार भेटतो, कारण ३-४-५ च्या त्रिकोणामुळे त्याचा कॉस ०.८ आणि साइन ०.६ धरता येतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाहा

घरात डिजिटल वजनकाटा असेल तर हे प्रत्यक्ष बघता येतं. काट्याच्या तबकडीखालचा सेन्सर मुख्यतः तबकडीला लंब लागणारा दाब मोजतो, म्हणजे आपलं लंब बलच. तो दाब ग्रॅममध्ये दाखवताना काटा सपाट आहे असं गृहीत धरलेलं असतं.

एका फळीवर काटा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्का बसवा. तबकडीवर रबराचा पातळ तुकडा ठेवा, वस्तू घसरू नये म्हणून. फळीखाली पुस्तकं रचून ती कलती करा आणि मोबाइलमधल्या लेव्हलने कोन मोजा. आता काटा शून्य करा, आणि हे फळी कलती केल्यानंतरच करा. तबकडीला स्वतःचं वजन असतं आणि कललेल्या अवस्थेत त्याचाही काही भागच सेन्सरवर येतो. सपाट असताना शून्य केलेला काटा कलल्यावर रिकामाच उणे आकडा दाखवू लागतो.

मग एक किलोचं वजन हळूच ठेवा. १० अंशांवर आकडा ९८५ च्या आसपास, २० अंशांवर ९४० च्या आसपास दिसायला हवा. काटा साधा असेल तर काही ग्रॅम इकडेतिकडे होतील. २० अंशांवरचे ९४० ग्रॅम म्हणजे ०.९४० × ९.८ = ९.२ न्यूटन लंब बल. वजनाचं वस्तुमान कमी झालेलं नाही. उरलेला भार घर्षणाने पेललाय आणि तो या काट्याला दिसत नाही.

वस्तू घसरायला लागली तर तिला दोरा बांधून फळीच्या वरच्या टोकाला अडकवा, पण दोरा फळीला अगदी समांतर ठेवा. समांतर ओढीचा लंब दिशेत काहीच वाटा नसतो, त्यामुळे आकडा बदलत नाही. दोरा जरा वर उचलून तिरका करा, आकडा लगेच उतरतो.

घर्षण: नेहमी 'म्यू गुणिले नॉर्मल' नसतं

लंब बल काढायचं एक मोठं कारण म्हणजे वस्तू टिकेल की घसरेल हे ठरवणं. लंब बलाला स्थितिक घर्षण गुणांकाने (म्यू, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात ते सांगणारा आकडा) गुणलं की घर्षणाची कमाल मर्यादा मिळते. प्रत्यक्ष घर्षण गरजेपुरतंच असतं. आपल्या पेटीसाठी गुणांक ०.६ धरला तर मर्यादा ०.६ × ४२.४ = २५.५ न्यूटन. गरज २४.५ ची. पेटी टिकते, आणि घर्षण २४.५ न्यूटनच असतं.

आता या पेटीला फळीपासून दूर, अगदी लंब दिशेत, फक्त २ न्यूटनने ओढा. म्हणजे साधारण २०० ग्रॅम वजनाएवढी ओढ. लंब बल ४०.४ वर येतं आणि मर्यादा २४.३ वर. गरज तीच, २४.५. पेटी घसरते. तिला उताराच्या दिशेने कुणी हातही लावला नव्हता, तरी ती सुटली.

काहीच जास्तीचं बल नसेल तर घसरण्याची वेळ येते ती उताराच्या कोनाचा टॅन घर्षण गुणांकाएवढा झाला की. वस्तुमान दोन्ही बाजूंनी छाटलं जातं, म्हणून भरलेली आणि रिकामी पेटी, तळ तोच असेल तर, एकाच कोनाला सुटते. घसरायला लागल्यावरही, फळी वाकलेली नसेल तर, लंब बल तेवढंच राहतं, कारण लंब दिशेत तेव्हाही त्वरण नसतं.

भोर घाटाचा चढ

३० अंश हा वहीतला कोन झाला. खरे उतार किती असतात? कर्जत ते लोणावळा हा भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा कमाल चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या थळ घाटातही हाच चढ आहे. (३७ ला १ आणि ३७ अंश यांची गल्लत करू नका.) कोनात मांडला तर हा चढ जेमतेम १.५५ अंश भरतो.

१००० टनांची गाडी या चढावर उभी आहे असं धरा. कॉस १.५५ म्हणजे ०.९९९६. रुळांवरचं एकूण लंब बल सपाटीवर असतं त्यापेक्षा फक्त सुमारे ३६५ किलोच्या भाराएवढं कमी. एवढ्या मोठ्या गाडीत ते लक्षातही येणार नाही. मात्र मागे खेचणारा घटक १००० भागिले ३७, म्हणजे २७ टनांच्या भाराएवढा. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात ती याच घटकाशी झुंजायला. लहान कोनांत कॉस १ च्या जवळपास रेंगाळतो आणि साइन झपाट्याने वाढतो. म्हणून सौम्य उतारावर लंब बल वजनाइतकंच धरलं तरी बिघडत नाही, पण उताराच्या दिशेचा घटक कधीच सोडायचा नाही. व्हीलचेअरसाठीच्या १२ ला १ रॅम्पवरही लंब बल वजनाच्या ९९.७ टक्के असतं, आणि ढकलणाऱ्याला मात्र वजनाचा बारावा हिस्सा जाणवतो.

जास्तीची बलं आली की

पद्धत तीच. नवं बल लंब आणि समांतर अशा दोन भागांत फोडा आणि लंब भाग पाचव्या पायरीच्या समीकरणात टाका. पृष्ठभागाकडे दाबणारा असेल तर लंब बल वाढतं, दूर ओढणारा असेल तर घटतं.

पेटीला २० न्यूटनचा आडवा धक्का, उताराच्या आत जाणारा. आडवी दिशा आणि फळी यांच्यात ३० अंश, म्हणून लंब भाग २० × साइन ३० = १०, फळीकडे दाबणारा. लंब बल ४२.४ + १० = ५२.४ न्यूटन. समांतर भाग १७.३ चढाच्या दिशेने, त्यामुळे घर्षणाची गरज ७.२ वर येते. इथे वजनाला कॉस लागला आणि धक्क्याला साइन. 'लंब म्हणजे कॉस' असं घोकणारे इथे हमखास अडकतात.

दोरी फळीपासून २० अंश वर धरून चढाच्या दिशेने १५ न्यूटनने ओढली तर लंब भाग १५ × ०.३४२ = ५.१, दूर नेणारा. लंब बल ३७.३. आता दोरी लंब दिशेला इतक्या जोरात ओढली की उत्तर उणे आलं, तर? फळी पेटीला रेटू शकते, ओढू शकत नाही. उणे उत्तराचा अर्थ पेटी फळी सोडून उठली; लंब बल शून्य आणि गणित नव्याने मांडायचं.

पेटीवर ३ किलोची दुसरी पेटी ठेवली तर दोन लंब बलं आहेत आणि प्रश्न कोणत्याबद्दल आहे ते नीट वाचा. दोन पेट्यांमधलं २५.५ न्यूटन, फळी आणि खालच्या पेटीमधलं ६७.९.

उतारच त्वरणात असेल तर

लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली आणि उतार आत आहे. त्वरण सरळ वर. त्याचा फळीला लंब घटक २ × कॉस ३०. आता समीकरणाची उजवी बाजू शून्य नाही, ती वस्तुमान गुणिले हा घटक. सोडवलं की लंब बल ५ × (९.८ + २) × ०.८६६ = ५१.१ न्यूटन.

दरवर्षी विचारला जाणारा खरा प्रश्न पुढचा आहे. वळणावरच्या कललेल्या रस्त्याच्या गणितात लंब बल 'वजन भागिले कॉस' येतं आणि साध्या उतारावर 'वजन गुणिले कॉस'. उतार तोच, कोन तोच, मग एक वजनापेक्षा कमी आणि दुसरं जास्त का?

फरक त्वरणाचा आहे. वळणावरच्या गाडीला वर्तुळाच्या केंद्राकडे त्वरण असतं आणि ते आडवं असतं. आडव्या त्वरणाचा रस्त्याला लंब घटक शून्य नसतो. तो त्वरण गुणिले साइन कोन असतो. म्हणून लंब दिशेचं समीकरण असं होतं:

लंब बल = वजन × कॉस कोन + वस्तुमान × त्वरण × साइन कोन

हे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. घर्षणाची मदत अजिबात लागू नये असा वेग घेतला तर हे त्वरण गुरुत्व त्वरण गुणिले टॅन कोन इतकं असतं. ते वर टाकून बघा: कॉस अधिक साइनचा वर्ग भागिले कॉस, म्हणजे १ भागिले कॉस. पुस्तकातलं सूत्र हजर. ३० अंशांवर ५ किलोसाठी ते ५६.६ न्यूटन होतं. आणि तीच गाडी त्या वळणावर उभी केली की त्वरण शून्य, दुसरं पद गळतं आणि पुन्हा ४२.४. दोन्ही सूत्रं एकाच समीकरणाच्या दोन अवस्था आहेत.

लंब बल लागतं कुठे?

ठिपक्याच्या आकृतीत हा प्रश्न लपून जातो, पण उंच वस्तूसाठी तो महत्त्वाचा आहे. पृष्ठभाग संपूर्ण तळावर दाब देतो. आपण त्याची एकत्रित जागा धरतो. सपाटीवर ती तळाच्या मधोमध असते. उतारावर घर्षण तळाशी लागतं आणि त्यामुळे वस्तूला उताराच्या खालच्या बाजूकडे लोळवायला बघतं. तोल राहावा म्हणून लंब बल तळाच्या खालच्या कडेकडे सरकतं. सगळीकडे सारख्या भाराच्या वस्तूत ते मध्यापासून अर्धी उंची गुणिले टॅन कोन एवढं सरकतं.

४० सेंटिमीटर खोल आणि १२० सेंटिमीटर उंच कपाट घ्या, उतार त्याच्या खोलीच्या दिशेने. सरकायला मध्यापासून कडेपर्यंत २० सेंटिमीटरची जागा आहे. ६० गुणिले टॅन कोन = २०, म्हणजे टॅन एक तृतीयांश आणि कोन १८.४ अंश. त्यापुढे लंब बलाला तळावर सरकायला जागाच उरत नाही आणि कपाट उलटतं. घर्षण गुणांक ०.६ असेल तर घसरायला ३१ अंश लागले असते. हे कपाट घसरण्याच्या कितीतरी आधी उलटतं. ट्रकला लावलेल्या फळीवरून उंच सामान उतरवताना ते आडवं करून, लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवतात ते याचसाठी: तळ १२० चा आणि उंची ४० ची झाली की उलटण्याचा कोन ७१.६ अंशांवर जातो, आणि मग सांभाळायचं राहतं ते फक्त घसरणं.